वेबपानाचे शीर्षक कसे लिहावे? सोलापूरच्या दुकानदारांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात चादरी, टॉवेल, तयार गणवेश, शेंगा चटणी, कडक भाकरी, डाळिंबे असा माल विकणाऱ्या अनेक लहान व्यावसायिकांनी गेल्या काही वर्षांत स्वतःची वेबसाइट करून घेतली आहे. अशा काही वेबसाइटींची देखभाल माझ्याकडे असते. फोटो चांगले असतात, माल अस्सल असतो, दरही वाजवी असतात. तरीही पुण्यातील किंवा नागपुरातील ग्राहक गुगलवर शोधतो तेव्हा ही पाने त्याच्यासमोर येत नाहीत, आणि आली तरी तो त्यांवर बोट ठेवत नाही. याची कारणे अनेक असू शकतात. पानावरचा मजकूर अपुरा असतो, पान उघडायला वेळ लागतो, इतर कोणत्याही साइटवरून त्याला दुवा दिलेला नसतो. ही कारणे दूर करायला महिने लागतात. एक कारण मात्र असे आहे की ते मालकाला स्वतः, पदरचा एक रुपयाही न घालवता, थोड्या दिवसांत दूर करता येते. ते म्हणजे पानाचे शीर्षक, ज्याला आपण सगळे बोलताना ‘टायटल’ म्हणतो.

प्रथम एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. पान उघडल्यावर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे दिसते तो पानाचा मथळा असतो. शीर्षक त्याहून वेगळे असते. ते पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये (वेबपाने ज्या संकेतभाषेत लिहिली जातात तिच्यात), वरच्या ‘हेड’ नावाच्या भागात, टायटल टॅगच्या आत लिहिलेले असते आणि पानावर कोठेही छापले जात नाही. ते दिसते ते ब्राउझरच्या टॅबवर, पान जतन केल्यास बुकमार्कच्या यादीत, आणि मुख्य म्हणजे गुगलच्या निकालांत निळ्या, मोठ्या ओळीच्या रूपात. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरून पान उघडते तेव्हा तिला सहसा सर्वांत आधी ऐकू येते तेही हेच शीर्षक. वेब सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक पानाला विषय सांगणारे शीर्षक असावे ही अट पायाभूत पातळीवरच घातलेली आहे. पान न उघडता ते कशाविषयी आहे हे कळावे, एवढेच शीर्षकाचे काम. कापडाच्या ठाणावर बाहेरून लावलेली चिठ्ठी जे काम करते, तेच. माप, प्रत आणि दर त्या चिठ्ठीवर नसेल, तर चाटी गल्लीतील कोणताही दुकानदार प्रत्येक वेळी ठाण उलगडून पाहत बसणार नाही.

ही समज जुनीच आहे. एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाच त्यांत असे म्हटले होते की शीर्षक ६४ पेक्षा कमी अक्षरांचे असावे आणि ‘प्रस्तावना’ यासारखे एकशब्दी शीर्षक संदर्भाबाहेर निरर्थक ठरू शकते. गुगल त्या वेळी अस्तित्वातही नव्हते. आजही आपल्या साइटींवर ‘होम’, ‘आमच्याविषयी’, ‘प्रॉडक्ट्स’ अशी शीर्षके सर्रास सापडतात.

आपली सध्याची शीर्षके कशी पाहावीत

संगणकावर आपले पान उघडावे आणि टॅबवर माउस नेऊन क्षणभर थांबावे. पूर्ण शीर्षक दिसते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे कंट्रोल आणि यू ही दोन बटणे एकत्र दाबून पानाचा मूळ कोड उघडणे आणि त्यात टायटल हा शब्द शोधणे. सगळी पाने एकाच वेळी नजरेखाली घालायची असतील, तर गुगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला लागून कोलनचे चिन्ह आणि त्याला लागून आपल्या वेबसाइटचा पत्ता, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावा. गुगलला ठाऊक असलेली आपली पाने यादीने समोर येतात. ही यादी पूर्ण असतेच असे नाही, परंतु दोष पाहण्यासाठी ती पुरते.

चादरींच्या एका व्यापाऱ्याची यादी मी अशीच त्याच्या शेजारी बसून उघडली होती. साइटवर प्रत्येक नक्षीचे वेगळे पान होते. मोर, कमळ, चौकडा, देवळाच्या कळसाची किनार, असे एकेक पान मेहनतीने केलेले होते. यादीत मात्र एकाखाली एक तीच ओळ येत राहिली: दुकानाचे नाव आणि पुढे ‘सोलापूर’. साइट करून देणाऱ्याने शीर्षकाचा एकच साचा सर्व पानांना लावला होता. मालकाने दोन पडदे सरकवले आणि विचारले, “यातलं कमळाचं पान कुठलं?” ते मलाही सांगता आले नाही. जे मालकाला ओळखू येत नाही, ते परक्या ग्राहकाला आणि शोधयंत्राला ओळखू येण्याची अपेक्षा करता येत नाही. म्हणून पहिला नियम हा की प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे आणि ते त्याच पानाला लागू पडणारे असावे.

याच तपासणीत आणखी एक दोष सापडतो आणि तो मराठी साइटींचा खास दोष आहे. छापखान्यात किंवा डीटीपी केंद्रात जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा उचलून शीर्षकाच्या चौकटीत डकवला जातो. त्या फॉन्टमध्ये ‘सोलापूर’ दिसत असले, तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, आणि शोधयंत्राला तीच दिसतात. टॅबवर अशी निरर्थक अक्षरमाळ दिसत असेल, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करण्याला पर्याय नाही. पीडीएफ फाइलींचेही तसेच आहे. दरपत्रक किंवा कॅटलॉग पीडीएफ करून चढवला जातो. पण त्या फाइलच्या गुणधर्मांत शीर्षकाच्या जागी ‘डॉक्युमेंट १’ राहून गेलेले असते आणि निकालात तेच येऊ शकते. फाइल तयार करतानाच तिच्या गुणधर्मांत नीट शीर्षक भरून ठेवावे.

ग्राहकाचा शब्द आणि आपला शब्द

शीर्षक लिहिण्याचे खरे काम येथे सुरू होते, आणि या टप्प्यावर घाई केली की पुढचे सगळे कष्ट वाया जातात. आपण ज्या वस्तूचा रोज व्यवहार करतो, तिला आपला एक शब्द असतो. ग्राहकाचा शब्द तोच असेल असे नाही. शेंगा चटणी विकणाऱ्या एका घरगुती उद्योगात मी बसलेले असताना फोन वाजला. पलीकडून एका बाईंनी विचारले, “तुमच्याकडे ती शेंगदाण्याची सुकी चटणी मिळते ना?” इकडून उत्तर गेले, “आहे की ओ ताई, शेंगा चटणी आहे.” दोघींना एकमेकींचे कळले, कारण दोन्ही बाजूंना माणसे होती. साइटवर मात्र सगळीकडे ‘शेंगा चटणी’ होते आणि ‘शेंगदाणा’ हा शब्द कोठेही नव्हता. सोलापूरबाहेरच्या ज्या ग्राहकाला ही चटणी ठाऊक आहे पण तिचे सोलापुरी नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते पान नसल्यासारखेच होते. तेथे आम्ही शीर्षक असे केले: ‘सोलापुरी शेंगा चटणी – शेंगदाण्याची सुकी चटणी, घरपोच’. आपले नाव सोडले नाही आणि ग्राहकाचे नाव जवळ घेतले.

असे जोडशब्द प्रत्येक धंद्यात सापडतील. कारखानदार ‘टेरी टॉवेल’ म्हणतो, घरात त्याला ‘टर्किश टॉवेल’ म्हणतात. आपण ‘चादर’ लिहितो, बोलताना अनेक जण ‘चद्दर’ म्हणतात, आणि कोणी नुसते ‘पांघरूण’ शोधतो. जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेला सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात. पण त्या काळात येथे राहण्याची सोय पाहणारा परगावचा भाविक ‘सिद्धेश्वर यात्रा’ असे शोधण्याची शक्यता अधिक. लॉजमालकाने पानाच्या शीर्षकात केवळ ‘गड्ड्यानिमित्त खोल्या उपलब्ध’ असे लिहिले, तर ते सोलापूरकरालाच कळेल, आणि त्याला खोलीची गरज नसते.

हे शब्द गोळा करण्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. पंधरा दिवस दुकानाच्या फोनजवळ एक वही ठेवावी आणि नवा ग्राहक पहिल्या वाक्यात जे विचारतो, ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहून काढावे. “डबल बेडवर किती मापाची लागते?”, “धुतल्यावर रंग जातो का?”, “लग्नात आहेर द्यायला पन्नास नग हवेत, काय दर पडेल?” यांतील प्रत्येक प्रश्न एका पानाचा विषय होऊ शकतो आणि प्रश्नातील नामे त्या पानाच्या शीर्षकात जाऊ शकतात. व्हॉट्सॲपवर आलेले जुने संदेश चाळले, तर हेच काम एका रात्रीत होते. त्यानंतर गुगलच्या शोधचौकटीत आपल्या वस्तूचे नाव अर्धे टाइप करून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहावे. वहीतील आणि सूचनांतील शब्द जुळले, तर आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे.

गोळा झालेले सगळे शब्द एकाच शीर्षकात कोंबण्याचा मोह होतो. ‘चादर, चद्दर, सोलापूर चादर, सोलापुरी चद्दर, स्वस्त चादर, चादर ऑनलाइन’ अशी शीर्षके मी पाहिलेली आहेत. गुगल आपल्या मार्गदर्शनात अशा शब्दभरतीपासून स्पष्टपणे परावृत्त करते, आणि वाचणाऱ्या माणसालाही त्यात दुकान दिसत नाही, फक्त गोंगाट दिसतो. एक मुख्य नाव आणि फार तर एक पर्यायी नाव शीर्षकात घ्यावे. उरलेले शब्द पानावरील मजकुरात वाक्यांच्या ओघात आणावेत.

येथे प्रामाणिकपणाचाही एक मुद्दा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागात होणाऱ्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेले आहे. बाहेरून आणलेल्या छापील बेडशीटच्या पानाला ‘सोलापुरी चादर’ असे शीर्षक देणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, शिवाय मागावर बसणाऱ्या विणकराच्या नावाची चोरी आहे. शीर्षकाने जे सांगितले ते पानावर सापडलेच पाहिजे.

मराठी शीर्षकाच्या काही खास अडचणी

पहिली अडचण लिपीची. ग्राहक पुष्कळदा मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतो, म्हणून मराठी पानाचे शीर्षकही रोमन लिपीत लिहावे असा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. गुगलचे स्वतःचे सांगणे असे आहे की शीर्षक पानावरील मुख्य मजकुराच्याच भाषेत आणि लिपीत असावे. तसे नसेल, तर गुगल ते बदलून दुसरे दाखवू शकते. मजकूर मराठीत असेल तर शीर्षक देवनागरीत लिहावे. इंग्रजीत शोधणाऱ्या ग्राहकासाठी इंग्रजी मजकुराचे वेगळे पान करावे आणि त्याला इंग्रजी शीर्षक द्यावे. सोलापूरच्या बाजारात विजयपूर आणि कलबुर्गीकडचे ग्राहक पूर्वीपासून येतात, आणि शहरात तेलुगू बोलणारी हजारो घरे आहेत. कोणी कन्नड किंवा तेलुगू पान करणार असेल, तर त्यालाही हाच नियम लागू आहे.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘सोलापूर’ या शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे ‘सोलापुरात’, ‘सोलापुरातील’ होते. नुसता प्रत्यय वाढत नाही, ‘पू’चा ‘पु’ही होतो. ‘टॉवेल’ अनेकवचनात तसाच राहतो, पण प्रत्यय लागला की त्याचेही ‘टॉवेलांचे’ होते, आणि ‘चादर’चे ‘चादरी’, ‘चादरींचे’ होते. शोधणारा माणूस बहुधा मूळ रूप टाइप करतो: ‘टॉवेल घाऊक सोलापूर’. शोधयंत्रांना शब्दांची रूपे काही प्रमाणात ओळखता येतात, तरीही शीर्षकात मूळ रूप ठेवता आले तर ते अधिक बरे. त्यासाठी वाक्य मोडण्याची गरज नाही. ‘सोलापुरातील टेरी टॉवेलांचे घाऊक दर’ या ऐवजी ‘टेरी टॉवेल घाऊक दर – सोलापूर’ असे लिहिले की दोन्ही नामे मूळ रूपात राहतात आणि वाचायलाही अडखळत नाही. प्रत्यय लागलेली रूपे पानाच्या मजकुरात आपोआप येतातच.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची आणि टंकलेखनाची. ‘सोलापुर’ असा ऱ्हस्व उकार शीर्षकात ठेवू नये. कोणी तसे शोधले तरी शोधयंत्र त्याला सहसा योग्य पानांपर्यंत नेते. शीर्षकातील चूक मात्र दुकानाच्या पाटीवरील चुकीसारखी रोज दिसत राहते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते: एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. ‘ॲक्रिलिक’ हा शब्द आपल्या साइटवर सगळीकडे एकाच पद्धतीने टाइप केलेला असावा.

आता लांबीविषयी. शीर्षक किती लांब असावे याची गुगलने मर्यादा घातलेली नाही. निकाल दाखवताना पडद्याच्या रुंदीत जेवढे मावेल तेवढे दाखवले जाते आणि पुढचे कापले जाते. इंग्रजीसाठी ५५ ते ६० अक्षरांचा अंदाज सांगितला जातो. देवनागरीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. ‘सोलापुरी चादर’ हे शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना यात सात अक्षरे आणि एक मोकळी जागा दिसते. संगणकाला मात्र ‘स’ वेगळा, त्याचा ओकार वेगळा, ‘ल’ वेगळा, त्याचा काना वेगळा, असे एकूण १३ घटक मोजावे लागतात. ‘लक्ष्मी’ हा दोन अक्षरांचा शब्द तर संगणकाच्या हिशेबात सात घटकांचा आहे. त्यामुळे अक्षरे मोजणाऱ्या एखाद्या साधनाने मराठी शीर्षक फार लांब असल्याचा लाल इशारा दिला, तरी प्रत्यक्षात ते पडद्यावर सहज मावत असते. ज्या साधनात रुंदी मोजली जाते, त्यावर अधिक विसंबावे, आणि अखेरचा निर्णय स्वतःच्या मोबाइलवर शोधून पाहून करावा. माझा अनुभव असा की डोळ्यांना दिसणाऱ्या पहिल्या पंचवीस-तीस अक्षरांत वस्तूचे नाव आणि तिचा विशेष आला पाहिजे. पुढचे कापले गेले तरी मग नुकसान होत नाही.

याच कारणाने आणखी एक गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे पावतीपुस्तकापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्यांच्या माथ्यावर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ असते, आणि काही मालकांना ते शीर्षकातही पहिले हवे असते. त्यामागची श्रद्धा मला मान्य आहे. ती माझीही आहे. परंतु ते शब्द शीर्षकात ठेवले, तर प्रत्येक पानाची पहिली, सर्वांत मोलाची जागा त्याच शब्दांनी भरते आणि मालाचे नाव कापल्या जाणाऱ्या भागात जाते. ते शब्द पानाच्या माथ्यावर, मथळ्याच्या वर, सन्मानाने ठेवावेत. ‘उत्तम दर्जाचे’, ‘सुप्रसिद्ध’, ‘एकमेव विश्वसनीय’ या विशेषणांनाही शीर्षकातून रजा द्यावी. ती कोणी शोधत नाही.

प्रत्यक्ष लेखन

वस्तूचे नाव, त्या पानापुरता विशेष, मग हवे असल्यास गाव, आणि शेवटी दुकानाचे नाव, असा क्रम बहुतेक पानांना चालतो. येथे ‘विशेष’ याचा अर्थ माप, प्रत, उपयोग, घाऊक की किरकोळ, असे काहीही, जे शेजारच्या पानाहून हे पान वेगळे करते. मघाच्या व्यापाऱ्याच्या कमळाच्या पानाचे शीर्षक असे झाले: ‘सोलापुरी चादर, कमळ नक्षी, डबल बेड – मापे व दर | अबक टेक्स्टाइल्स’. (येथे दुकानाचे खरे नाव दिलेले नाही.) दुकानाचे नाव शेवटी गेल्याचे त्याला प्रथम रुचले नाही. पण जो ग्राहक दुकानाचे नाव टाइप करून येतो, त्याला आपण कोठेही सापडतो. ज्याला ते नाव ठाऊकच नाही, त्याच्यासाठी हे शीर्षक आहे. अपवाद एकच, तो म्हणजे मुख्य पान. तेथे दुकानाचे नाव आधी आणि धंदा नंतर: ‘अबक टेक्स्टाइल्स, सोलापूर – चादर व टेरी टॉवेल उत्पादक’.

शीर्षक कोठे भरायचे हे साइट कशात केली आहे त्यावर अवलंबून आहे. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या साधनात योस्ट किंवा रँक मॅथ यांसारखे प्लगइन (वरून जोडलेली सोय) असेल, तर प्रत्येक पानाच्या संपादनाच्या पडद्यावर एसईओ शीर्षकाची, म्हणजे शोधयंत्रांसाठीच्या शीर्षकाची, वेगळी चौकट मिळते. प्लगइन नसेल, तर पानाचे नावच शीर्षक म्हणून वापरले जाते. मुख्य पानासाठी सेटिंग्जमधील साइटचे नाव आणि त्याखालची ओळ अवश्य तपासावी, कारण जुन्या वर्डप्रेस साइटींवर तेथे ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साइट’ ही आयती ओळ तशीच राहून गेलेली आढळते. साइट दुसऱ्याने करून दिली असेल, तर पान आणि त्याचे नवे शीर्षक अशी दोन रकान्यांची यादी करून त्याच्या हाती द्यावी. तोंडी सांगू नये. पानाचे शोधशब्द भरण्यासाठीची कीवर्ड मेटा टॅग नावाची एक चौकटही कदाचित दिसेल. तिच्यासाठी वेळ दवडू नये. गुगल तो टॅग क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

आपण लिहिलेले शीर्षक गुगल तसेच दाखवेल याची हमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने शीर्षके ठरवण्याची नवी पद्धत आणली आणि त्यावर बरीच ओरड झाल्यानंतर सप्टेंबरमध्ये सांगितले की आता सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगमधील मजकूरच वापरला जातो. उरलेल्या वेळी पानाचा मथळा, पानावरील इतर ठळक मजकूर किंवा त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांचे शब्द घेतले जातात. असे कधी होते, हेही गुगलने सांगितले आहे. शीर्षकाचा अर्धा भाग रिकामा असतो, म्हणजे उभ्या रेघेआधी काहीच नसते आणि पुढे केवळ दुकानाचे नाव असते. किंवा शीर्षक शिळे झालेले असते: लॉजच्या पानावर मथळ्यात यंदाच्या यात्रेचे वर्ष बदललेले असते, पण शीर्षकात गेल्या वर्षीचेच राहिलेले असते. किंवा ते पानाशी जुळत नाही. किंवा साइटच्या एका भागातील सर्व पानांना तेच शीर्षक असते. आपले शीर्षक बदलून येत असेल, तर या चार गोष्टी तपासाव्यात आणि मथळा व शीर्षक एकमेकांच्या जवळ आणावेत. शब्दशः एकच असण्याची गरज नाही. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर जो मथळा उमटतो, तो सामान्यतः ओपन ग्राफ नावाच्या वेगळ्या टॅगमधून येतो. प्लगइनमध्ये त्याचीही चौकट असते आणि तेथे जुनेच नाव राहिलेले नाही ना, ते पाहावे.

बदलाचा उपयोग झाला का, हे कसे कळावे

यासाठी गुगल सर्च कन्सोल हे मोफत साधन साइटला जोडून घ्यावे. त्याच्या कामगिरी अहवालात आपले पान किती वेळा निकालांत दिसले, त्यावर किती जणांनी क्लिक केले, सरासरी कितव्या स्थानी आले आणि कोणते शब्द शोधल्यावर आले, हे सगळे मिळते. जे पान सरासरी पाचव्या-सहाव्या स्थानी आहे, पुष्कळांना दिसते आहे, पण त्यावर जवळजवळ कोणीच येत नाही, तेथे शीर्षकात दोष असण्याची शक्यता मोठी. अशी पाने आधी हाती घ्यावीत. जे पान चाळिसाव्या स्थानी आहे, त्याला केवळ नवे शीर्षक देऊन भागणार नाही. तेथे मजकुरावरच काम करावे लागेल. शब्दांची यादी तर वहीतील नोंदींइतकीच मोलाची असते. आपल्या मजकुरात चुकून एकदाच आलेला एखादा शब्द लोक वारंवार शोधताना दिसतात, आणि तो शीर्षकात आणण्याजोगा असतो.

सगळी शीर्षके एकाच दिवशी बदलू नयेत. आठ-दहा पाने घ्यावीत, जुने शीर्षक, नवे शीर्षक आणि तारीख वहीत लिहावी, आणि सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता तपासून पुन्हा नोंदणीची विनंती करावी. गुगलने पान पुन्हा वाचून नवे शीर्षक दाखवायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर पुन्हा बदल करत बसू नये. तुलना करताना हंगाम विसरू नये. चादरींचा शोध थंडीत आणि लग्नसराईत वाढतो, म्हणून नोव्हेंबरमधील वाढ पाहून ऑगस्टमध्ये बदललेल्या शीर्षकाला तिचे श्रेय देणे चूक ठरेल. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती साठवलेली असते, त्यामुळे या नोव्हेंबरची तुलना गेल्या नोव्हेंबरशी करता येते, आणि तशीच ती करावी.

शीर्षक बदलताना पानाचा पत्ता मात्र बदलू नये. काही साधनांत नाव बदलले की पत्ताही आपोआप नवा सुचवला जातो. तो स्वीकारला, तर ग्राहकांनी जतन करून ठेवलेले आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले जुने दुवे तुटतात. पत्ता बदलणे अगदीच भाग पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रिडायरेक्ट, लावून घ्यावे आणि जुना दुवा स्वतः उघडून तो नव्या पानावर पोहोचतो का, ते मोबाइलवर पाहावे.